पडदा, बोटं आणि माझी वहिनी

आमच्या निपाणीच्या घरात एक पडदा होता आणि त्या पडद्याच्या आतल्या बाजूला माझं राज्य होतं. पडदा म्हणजे आईचं जुनं इरकली लुगडं. आप्पांच्या दवाखान्याची खोली त्यानं मधोमध दुभागलेली. बाहेरच्या भागात आप्पांचं टेबल, औषधांचं कपाट आणि पुरुषांसाठी बाकडं. आतल्या भागात एक बाज आणि बाजेवर बसलेली बाई. आमच्या गावात तेव्हा कुठलीच बाई परक्या पुरुषाला छातीला नाहीतर पोटाला हात लावू देत नसे, मग तो डॉक्टर असो की आणखी कुणी. आणि आप्पांचा तर सगळा धंदाच छातीचा आणि पोटाचा. ते चाकू धरणारे डॉक्टर नव्हते. गळू, मोडलेला हात, विळ्यानं कापलेलं बोट घेऊन कुणी आलं, तर पट्टी बांधून दुसरीकडे पाठवत. त्यांच्याकडची दुखणी आतली असत: वाढलेली पाणथरी म्हणजे प्लीहा, सुजलेलं काळीज, छातीत धरलेला कफ. ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून वाजवून बघायचं. डाव्या हाताचं मधलं बोट बरगड्यांच्या मध्ये घट्ट टेकवायचं आणि त्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटानं टक् टक् करायचं. आत हवा असली की आवाज मोकळा येतो, काही भरलेलं असलं की बद्द. पुरुषांना आप्पा स्वतः वाजवत. बायकांना वाजवायला त्यांच्याकडे मी होते.

म्हणजे असं व्हायचं. बाई बाजेवर बसली की मी पडद्याच्या आत जाई, हातातल्या बांगड्या काढून कोनाड्यात ठेवी, आणि आप्पा बाहेर स्टुलावर बसून, डोळे मिटून, मान पडद्याकडे कलती करून म्हणत, "हं, इंदू. उजवी बाजू. गळपट्टीच्या हाडाखालून सुरू कर." मी वाजवी. "एक बोट खाली." मी खाली येई. "परत." परत वाजवी. "आता पाठ." शेवटी आप्पा डोळे उघडत आणि म्हणत, "बरं." त्या बाहेरच्या 'बरं'मध्ये रोग सापडलेला असे. तो कसा सापडला हे मी कधी विचारलं नाही, कारण तो माझ्यामुळेच सापडला अशी माझी पक्की समजूत होती. बाया माझ्या डोक्यावरून हात फिरवत. सदलग्याकडून येणारी जैनांची एक म्हातारी तर जाताना मलाच नमस्कार करी. तिच्यासाठी आप्पा मधाऐवजी साखरेच्या पाकात औषध करून देत, आणि त्याचंही श्रेय मीच घेई. सोळा वर्षांची होते. स्वतःला अर्धी डॉक्टर समजत होते, आणि उरलेली अर्धी म्हणजे आप्पा.

वाजवायचा सराव मी घरभर करी. पाण्याची घागर, धान्याची कणगी, पिठाचा डबा, जेवून लवंडलेल्या अण्णाची पाठ. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ. बेळगावात कोर्टात कारकून होता आणि शनिवारी संध्याकाळच्या मोटारीनं कुंद्याचा, म्हणजे तिथल्या खव्याच्या मिठाईचा, पुडा घेऊन येत असे. आई भाकरी थापत असली की तिच्या थापांवर माझी टकटक चाले आणि ती ओरडे, "अगं, तबलजीच्या घरात द्यायची का तुला?" बाहेर रस्त्यापलीकडे तंबाखूच्या वखारी होत्या. तिथं दिवसभर चाळण्या हलत, बायका ओळीनं बसून चुरा चाळत, आणि वाऱ्याबरोबर खकाणा आमच्या माजघरापर्यंत येई. तंबाखूची ती उडती, तिखट धूळ ज्यांनी नाकात घेतली नाही त्यांना काय सांगायचं! सगळं गाव खोकत असे. पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग रामराम म्हणायचा. बाई धापली, चक्कर आली, छातीत दुखलं, तर शेजारीण सांगायची, "खकाणा बसलाय. गूळ खा." वखारीतल्या बायका पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधूनच कामाला जात. निपाणीत खोकल्याला दुसरं कारण असू शकतं, यावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता.

त्या उन्हाळ्यात अण्णाचं लग्न झालं आणि काकतीहून शेवंतावहिनी आली. सावळी, उंच, मोठ्या पंजाची. शेतावर वाढलेली, अक्षरओळख नाही, बोलणं मोजकं. मला ती पहिल्या दिवशी आवडली, दुसऱ्या दिवशीही आवडली. तिसऱ्या दिवशी तिच्या माहेराहून गाडीभर फणस आले आणि माझं सुख संपलं. आईनं त्यातला सगळ्यात मोठा फणस कापायला काढला, तर वहिनी खाली बसली, फणसावर बोट टेकवून दोन-तीनदा टकटक केलं आणि म्हणाली, "अत्त्या, ह्यो न्हाय. ह्यो परवा. त्यो पल्याडचा आज खावा." आईनं हसून तरीही पहिलाच कापला. आतून कच्चा, चिकानं भरलेला. पलीकडचा कापला तर गरे मधासारखे. दारात आप्पा उभे होते. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मी ओळखलं, कारण आजवर ते फक्त माझ्याकडे बघून उमटत असे.

"सूनबाई," आप्पा म्हणाले, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार, मामंजी? वाजतंय की त्ये. ऐकायचं."

दुसऱ्या दिवशी वहिनी पडद्याच्या आत होती. मी शेजारी उभी, कंदील धरायला! माझ्या पोटात जे दुखू लागलं त्यावर आप्पांच्या कपाटात मिक्स्चर नव्हतं. वहिनीनं एका बाईचं पोट वाजवलं, मध्येच थांबली, आणि आप्पांनी बाहेरून काही विचारायच्या आत म्हणाली, "मामंजी, हितं आवाज बदलला. बेंबीपर्यंत आलीया पाणथरी." बाहेरून आप्पा म्हणाले, "वा!" मला सहा वर्षांत एकदासुद्धा 'वा' मिळाला नव्हता. 'बरं' मिळाला होता. 'बरं' आणि 'वा' यांच्यात केवढी दरी असते ते मला तेव्हा कळलं. आज माझे केस पांढरे झालेत, नातवंडं आजीच्या गोष्टींना कंटाळतात, पण तो 'वा' आठवला की अजून डाव्या बरगडीखाली कुठेतरी टोचतं.

मग मी कामाला लागले. आप्पांना म्हटलं, "वहिनीच्या हातात चुडा आहे. नव्या नवरीनं काढायचा नसतो. तुम्हाला बांगड्यांचा आवाज येईल." आप्पा म्हणाले, "खरंच की." वहिनीनं शांतपणे एक चिंधी फाडली, दोन्ही हातांतला चुडा मनगटाशी घट्ट बांधला आणि बाजेजवळ जाऊन उभी राहिली. मग मी चिकोडीकडच्या बायकांना हळूच सांगितलं की नव्या वहिनीला कन्नड येत नाही, तुमचं दुखणं तिला कसं कळणार. त्यावर वहिनी त्यांच्याशी असं काही फर्डं कन्नड बोलली, की त्या बाया तिला आपल्या माहेरची समजून गळ्यात पडल्या. माझं कन्नड बाजारात भाजी घेण्यापुरतं. तिसऱ्यांदा मी बायांच्या कानात सोडलं की वहिनीचे हात फार थंड आहेत. तेव्हापासून ती हात शेगडीवर शेकून येऊ लागली आणि बाया म्हणू लागल्या, "किती जिवाची पोर!" मी तिच्या वाटेत जो धोंडा टाकावा, त्यावर पाय ठेवून ती एक पायरी वर चढत होती. आणि ते तिच्या गावीही नव्हतं, याचा राग तर वेगळाच.

शनिवारी अण्णा यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा. वहिनी दारात उभी राहून मोटारीची धूळ बसेपर्यंत बघायची. मला वाटायचं, बघ म्हणावं, निदान एक गोष्ट तरी तुझ्या मनासारखी नाही. इतकी मी दुष्ट झाले होते.

एके दिवशी आप्पांना साक्षीसाठी चिकोडीच्या कोर्टात जावं लागलं. जाताना म्हणाले, "कुणी बाई आली तर दोघी मिळून बघा. छाती, पोट, पाठ, काही सोडू नका. इंदू, तू वहीत लिहून ठेव. मी आल्यावर वाचीन." दुपारी तानाक्का आली. समोरच्या वखारीत चाळणीवर बसणारी, चाळिशीची, आम्हाला रोज दिसणारी बाई. दहा-पंधरा दिवस खोकला, संध्याकाळी अंग कढत, चार पावलं चाललं की धाप. वहिनी मागच्या अंगणात धुणं धूत होती. धोपटण्याचा आवाज येत होता. एक हाक मारली असती तर आली असती. मी मारली नाही.

"बस, तानाक्का," मी आप्पांच्या आवाजात म्हणाले. पडद्याच्या बाहेर स्टूल रिकामं होतं. मी बोट टेकवलं आणि वाजवलं. टक् टक्. पुढची उजवी बाजू, डावी बाजू. आणि लक्षात आलं, की मला काहीच कळत नाहीये. आवाज येत होता, पण तो मोकळा होता की बद्द? सहा वर्षं मी वाजवत आले होते आणि ऐकत आप्पा होते. माझं सगळं लक्ष बोट कसं सुरेख पडतंय यावर. तेवढ्यात अंगणातलं धोपटणं थांबलं. आता वहिनी बादली उचलेल, आता आत येईल, आता शेजारी उभी राहून म्हणेल की हितं आवाज बदलला. पाठ वाजवायची राहिली होती. मी तानाक्काचा पदर सारखा केला.

"खकाणा हाय," मी सांगितलं. "गूळ खा. चार दिवस वखारीत जाऊ नको."

"म्या बी त्येच म्हनत व्हते, बाई," तानाक्का म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम निवळला. "घरात समदी घाबरल्याती उगाच." आशीर्वाद देऊन गेली. वहिनी ओल्या हातांनी दारात आली, तेव्हा ती रस्ता ओलांडत होती.

"वन्सं, ती उजव्या अंगाला कलून चालतीया. पाठ वाजवलासा न्हवं?"

"वाजवली की," मी म्हणाले.

वहीत मी सुबक अक्षरात लिहिलं: 'तानाक्का. छाती-पाठ साफ. खकाणा.' संध्याकाळी आप्पांनी ते वाचलं, मान हलवली आणि पान उलटलं. माझ्या अक्षरावर त्यांचा विश्वास होता. त्या रात्री आईनं माझ्या आवडीचं फणसाच्या आठळ्यांचं कालवण केलं होतं. मी दोन घासांत उठले.

सहाव्या दिवशी सकाळी तानाक्काचा नवरा सत्याप्पा बैलगाडीतून तिला घेऊन आला. दोघांनी धरून आणली. ओठ काळेनिळे, नाकपुड्या फुललेल्या, बोलताना एकेक शब्द सुटा. तिला आडवं होता येत नव्हतं. "पाच दिस बसूनच हाय जी," सत्याप्पा सांगत होता, "गूळ खाऊन खाऊन त्वांड आलंय तिचं, पर धाप काय जाईना." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सूनबाई," ते म्हणाले, "पाठ. उजवी. खालून."

वहिनी आत गेली. मला कुणी आत बोलावलं नाही. मी आप्पांच्या स्टुलाजवळ, पडद्याच्या बाहेर उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा. आणि मला ऐकू आलं. डाव्या बाजूला मोकळं, रिकाम्या डब्यासारखं. मग वहिनीचं बोट उजवीकडे गेलं आणि आवाज एकदम मेला. टक् नाही, ठक् नाही. भिंतीवर बोट मारल्यासारखं. लुगड्याच्या कापडातून ते स्वच्छ ऐकू येत होतं. आप्पा सहा वर्षं हे ऐकत होते. हे मला त्या दिवशी आतून ऐकता आलं असतं की नाही, ठाऊक नाही. पण मी पाठीला बोटच लावलं नव्हतं.

"दगड हाय, मामंजी," वहिनी आतून म्हणाली. "खांद्याच्या फऱ्यापातूर."

"पाणी भरलंय," आप्पा म्हणाले. "फुप्फुसाच्या बाहेर. काढायला हवं, आत्ता. सत्याप्पा, मला पडद्याच्या आत जावं लागेल."

उत्तर आतून आलं, धापा टाकत. "त्यो पडदा... काढा आधी... वारं तरी... यिऊ द्या." आणि वहिनीनंच हात वर करून ते लुगडं दोरीवरून ओढून काढलं.

मी सुई उकळली, स्पिरिटचा दिवा धरला, पातेलं धरलं. तानाक्काला उशीवर पुढे वाकवून बसवलं, वहिनीनं तिचे दोन्ही हात धरले. आप्पांनी बरगडीवर बोट ठेवून जागा मोजली आणि सुई घातली. पिवळसर पाणी नळीतून पातेल्यात पडू लागलं. किती पडलं म्हणून सांगू! मध्येच आप्पा थांबले. सगळं एकदम काढायचं नसतं म्हणाले. तोवर तानाक्काच्या ओठांचा रंग पालटला होता. तिनं एक लांब श्वास घेतला, अगदी तळापासून, आणि रडायला लागली. रडायलासुद्धा वारा लागतो. तो इतके दिवस तिच्याकडे नव्हता.

तिला बाजेवर टेकवून बसवल्यावर आप्पांनी हात धुतले, पुसले, आणि वही उघडली. ते रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा. "छाती-पाठ साफ," त्यांनी वाचलं. "हे पाणी एका दिवसात भरत नाही. त्या दिवशी पाठ कोणी वाजवली?"

आणि मला काही सुचायच्या आत वहिनी पुढे झाली. पदर डोक्यावर ओढून, खाली बघत म्हणाली, "मी, मामंजी. मी वाजवली. मला कळलं न्हाय. वन्संनी मी सांगितलं तसं लिवलं."

वाचणाऱ्यांपैकी कुणाला वाटेल की माझं मन त्या क्षणी विरघळलं. मुळीच नाही. मी पेटले. आमच्या घरात आजवर चूक करायची तर मी, रागावून घ्यायचं तर मी, आणि शेवटी खरं बोलून आप्पांचा हात पाठीवर घ्यायचा तोही मीच. 'वा' तिनं नेला, बाया तिनं नेल्या, कन्नड तिनं नेलं. आता माझा गुन्हासुद्धा स्वतःच्या अंगावर घेऊन ही देवी होणार? आणि जन्मभर मी तिच्या उपकारात राहणार?

"खोटं!" मी ओरडले. तानाक्का दचकली. "ती नव्हतीच तिथं! ती धुणं धूत होती. मी तिला हाक मारली नाही. पाठ मी वाजवलीच नाही, कुणीच वाजवली नाही, आणि वहीत खोटं मी लिहिलं. मी!"

त्या खरेपणाचं श्रेय मला कुणी देऊ नये. ते शंभर टक्के मत्सरातून आलेलं होतं. आप्पांनी ते दिलंही नाही. मग तानाक्काकडे वळून, हात जोडून म्हणाले, "माझ्या घरानं तुला मारलं असतं, बाई." ते वाक्य मला थपडेपेक्षा जोरात लागलं. मी तानाक्काच्या पायांशी बसले. ती एवढंच म्हणाली, "ऊठ पोरी, आनी आधी मला गुळाबिगर कायतरी खायाला दे." सत्याप्पासकट सगळे हसले, एक आप्पा सोडून. तानाक्का पुढं दोन महिने आमच्या मधल्या खोलीत राहिली. आणखी दोनदा पाणी काढलं. दूध, अंडी, विश्रांती, आणि तिची सगळी सेवा माझ्याकडे. ती शिक्षा होती.

आणि दुसरी शिक्षा अशी: "उद्यापासून बाजेकडे जायचं नाही," आप्पांनी सांगितलं. "माझ्या शेजारी बसायचं. सूनबाई वाजवतील, तू ऐकशील. ऐकू आलं ते सांगायचं. नाही आलं तर नाही आलं म्हणायचं."

त्या संध्याकाळी मी चुलीपुढे वहिनीशेजारी जाऊन बसले. माफी मागावी, गळ्यात पडावं, असं सगळं मनात जुळवून आले होते. थोडं रडायचीही तयारी होती. वहिनी भाकरी थापत होती, आणि तिचे डोळे माझ्याआधीच लाल झालेले.

"वन्सं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कशाला बोललासा वो मधीच?"

"अगं, तुझ्यावर आळ येत होता..."

"येऊ द्यायचा की!" तिनं भाकरी तव्यावर आपटली. "मामंजी म्हणाले असते, हिला काय कळत न्हाय, जाऊ दे हिला बेळगावला नवऱ्याकडं. तीन म्हैने झाले लगीन होऊन. ह्यांनी खोली बघून ठेवलीया तिथं. मामंजींना इचारलं तर म्हणत्यात, सूनबाईच्या बोटांबिगर माझं कसं चालायचं? आन् आज एवढी नामी सवड आलती, तर तुम्ही आलासा हरिश्चंद्र हून!"

ज्या जागेसाठी मी तीन महिने तिच्या वाटेत धोंडे टाकत होते, त्या जागेवरून उठता यावं म्हणून ती बाई खोटं बोलली होती. आणि मी खरं बोलून तिला तिथंच खिळवून ठेवलं. मला हसू आलं. तिला राग आला. तिनं पिठाचा हात माझ्या गालावर मारला, आणि मग तीही हसायला लागली. हसता हसता परत रडली. भाकरी करपली.

"आता एक करा," नाक पुसत ती म्हणाली. "लौकर शिका. तुमचे कान तयार झाल्याबिगर माझी सुटका न्हाय."

मग ती मला शिकवू लागली, आणि असली कडक मास्तरीण मी पुन्हा पाहिली नाही. दुपारी सगळे झोपले की ती वाजवायची आणि मी डोळे मिटून बसायची. चुकलं की चिमटा. "परत ऐका. मला बेळगावला जायचंय." मला ते यायला दीड वर्ष लागलं. एका सकाळी पडद्याबाहेर बसून मी आप्पांच्या आधी म्हणाले, "डावीकडे, खाली, तीन बोटं बद्द." आप्पांनी डोळे उघडले. "बरं," म्हणाले. आणि आतून वहिनी मोठ्यानं म्हणाली, "वा!" तिला पुढच्याच आठवड्यात बेळगावला जायला मिळणार होतं.

अण्णा शनिवारी येऊन तिला घेऊन गेला. ट्रंक, पितळी डबा, आईनं दिलेली चटणी. मोटार सुटायच्या वेळी वहिनीनं खिडकीतून माझा हात धरला आणि हसली. इतकी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती. आता पडदा माझा होता, बाया माझ्या होत्या, आप्पांच्या शेजारचं स्टूल माझं होतं. मोटार हलली, धूळ उडाली, आणि मला वाटलं, बघा, चालली बेळगावला! तिथं मोठा बाजार, विजेचे दिवे, रोज संध्याकाळी अण्णाचा कुंदा. आणि मी इथं खकाण्यात खोकत बसणार. धूळ बसेपर्यंत मी जळफळत रस्त्याच्या कडेला उभी होते.